बेचाळीस ठोके

फाल्गुन लागला की आमच्या नंदुरबारात दोन वास एकमेकांशी भांडतात. गावाबाहेरच्या पथारींवर मिरच्या वाळत पडलेल्या असतात, त्यांचा ठसका एका अंगाने येतो. दुसऱ्या अंगाने येतो तो आठवडी बाजारात डोंगरातल्या बायकांनी उतरवलेल्या टोपल्यांचा, मोहाच्या फुलांचा गोड, जडसर वास. मिरचीने शिंक येते आणि मोहाने मन सरळ सातपुड्यात जाऊन बसतं. रोज सकाळी मी तीन मैल चालून येतो, ओट्यावर बसतो आणि मनगटावर बोटं ठेवून स्वतःची नाडी मोजतो. सूनबाई चहाचा कप घेऊन दाराशी थांबते. मोजणं संपेपर्यंत ती बोलत नाही, आणि संपल्यावर फक्त भुवया उंचावते. मी आकडा सांगतो. आज चौसष्ट भरली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एवढी पुरे.

ही सवय मला टपालाच्या एका हरकाऱ्याने लावली. म्हणजे त्याने कधी लाव म्हटलं नाही. त्याच्याबाबतीत मी जी चूक केली तिने लावली. तो ऋतू हाच होता, फाल्गुनाचा.

तेव्हा हा सगळा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा. मी सव्वीस वर्षांचा, पुण्याहून डॉक्टरकी शिकून नुकताच परतलेला. घर धानोऱ्याकडे, वडिलांची तिथे शेती. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि वैद्यकीची पुस्तकं इंग्रजी, अशा तीन भाषांत मी वाढलो, आणि रोग्याला काय होतंय हे विचारायची वेळ आली की तिन्ही भाषा विसरून थेट नळी कानाला लावायचो. सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्याच्या वरच्या अंगाला एका लहान दवाखान्यावर माझी नेमणूक झाली होती. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत बाक. बाकाच्या टोकाला कंपाउंडर नथूआप्पा काढ्याच्या बाटल्यांवर मात्रेच्या कागदी पट्ट्या चिकटवत बसलेले. नथूआप्पांनी माझ्याआधी चार डॉक्टर पाहिले होते. पाचव्याशी कसं वागायचं हे त्यांना ठाऊक होतं: हो म्हणायचं आणि वाट पाहायची.

त्या काळी वर डोंगरात टपाल पायी जायचं. धडगावाकडून निघालेली थैली टप्प्याटप्प्याने एका हरकाऱ्याच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर येई. शेवटचा टप्पा दित्या पावऱ्याचा. घाटमाथ्यावरच्या पाड्यात त्याचं घर. सकाळी माथ्यावर थैली घ्यायची, सात मैल उतरून पायथ्याच्या पोस्टात द्यायची, भाकर खायची, आणि दुपारी वर जाणारी थैली घेऊन तेच सात मैल चढायचे. हे तो बारा वर्षं करत होता, आणि चालत नव्हे, धावत. उतरताना त्याच्या काठीचे घुंगरू दवाखान्यापर्यंत ऐकू यायचे, आणि ते ऐकून नथूआप्पा चुलीवर चहाचं आधण ठेवायचे.

मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या एका वाटेवरचा म्हातारा हरकारा तापात वाटेवरच आडवा झाला होता. तो वाचला, पण आमच्या पोस्टमास्तरांनी धास्ती घेतली. भले गृहस्थ होते. आपल्या माणसांना एकदा डॉक्टरांनी तपासावं असं त्यांना वाटलं आणि त्यांनी तशी चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी कमरेच्या फडक्यात बांधून दित्या माझ्यासमोर आला तेव्हा कपाशीची शेवटची बोंडं फुटत होती. कापूस हवेत तरंगत होता, आणि एक तुकडा त्याच्या केसांत अडकला होता. पस्तिशीचा असेल. उंचीने बेताचा, पोटऱ्या दोरखंडासारख्या पिळदार, हसणं संथ.

मी त्याचा हात हातात घेतला आणि घड्याळाकडे पाहू लागलो. अर्धं मिनिट गेलं आणि मला वाटलं घड्याळच बंद पडलं. कानाला लावून पाहिलं, चालू होतं. पुन्हा मोजलं. मिनिटाला बेचाळीस. धडधाकट माणसाची नाडी सत्तर-बहात्तर असते असं मी शिकलो होतो, आणि हा सात मैल उतरून आलेला माणूस. नळी लावली. ठोका खोल आणि संथ, एखाद्या मोठ्या रिकाम्या घरात कुणी सावकाश दार लावावं तसा. ठोक्यामागे एक हलकी फुंकर ऐकू येत होती. हृदयाचं टोक बोटाला जिथे लागायला हवं तिथून दोन बोटं डावीकडे सरकलेलं. हृदय वाढलेलं, ठोका मंद, वर फुंकर. पुस्तकातलं पानच माझ्यापुढे उघडं बसलं होतं. अशी माणसं एक दिवस चालता चालता पडतात, असं त्या पानावर होतं.

मी त्याला काही विचारलं नाही. पोस्टमास्तरांना लिहिलं: हृदयविकार, धावण्याच्या कामास अयोग्य. दित्याला सांगितलं की तुझं काळीज वाढलं आहे, आता धावायचं नाही, चढायचं तर थांबत थांबत, वजन उचलायचं नाही. त्याचा हात छातीवर गेला.

“डाक्टर साहेब, मी मरसू का?”

मी म्हणालो, काळजी घेतलीस तर नाही. आता वाटतं, सव्वीस वर्षांच्या डॉक्टरने कुणालाही असलं उत्तर देऊ नये.

तो गेल्यावर नथूआप्पांनी पट्टी चिकटवता चिकटवता, वर न बघता एवढंच विचारलं, “साहेब, तुम्हले हाऊ माणूस आजारी दिखस का?” मी म्हणालो, हृदयाचा आजार दिसत नसतो आप्पा, ऐकू येतो. ते हो म्हणाले.

पोस्टमास्तरांनी दित्याच्या जागी तात्पुरता एक दुसरा गडी लावला, कायमचं काय ते माझ्या पुढच्या चिठ्ठीवर ठरवू म्हणाले. नवा गडी चालत यायचा. घुंगरू वाजायचे, पण त्यांत लय नव्हती, आणि टपालाला दुपार व्हायची. नथूआप्पांचं आधण उकळून आटून जाई. मी मात्र समाधानात होतो. एक जीव वाचवला असं मला मनापासून वाटत होतं. फक्त त्या ठोक्याचा नाद कानातून जात नव्हता. तो आजारी वाटत नव्हता, ही खरी अडचण होती. आजारी हृदयं मी पुण्यात पुष्कळ ऐकली होती. ती अडखळतात, घाई करतात, धापा टाकतात. ह्याच्या ठोक्यात घाई म्हणून नव्हती. शेवटी पुण्याच्या माझ्या गुरुजींना मी एक लांबलचक पत्र लिहिलं, सगळी लक्षणं मांडली, आणि निदान बरोबर आहे ना, असं वरवर नम्रपणे विचारलं.

उत्तर यायच्या आधी रेमती आली, दित्याची बायको. बाकावर न बसता ती पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली. तिला अहिराणी थोडीच येत होती, पण जी येत होती ती पुरेशी होती.

“त्याले काय सांगी दिधं तुम्हीन?” ती म्हणाली. “तो आते घरना चढ बी बसी बसी चढस.”

हळूहळू नथूआप्पांनी तिच्याकडून बाकीचं काढून घेतलं. दित्या दिवसभर छातीवर हात ठेवून बसतो. ठोका मोजता येत नाही, पण आला की नाही ते बघत राहतो. एक आला की दुसऱ्याची वाट पाहतो. मोहाची फुलं गळायला लागली आहेत, सगळा पाडा उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतो, आणि हा झाडाखाली जात नाही, कारण वाकलं की कानात ठोका ऐकू येतो. जेवण अर्ध्यावर आलं आहे. होळीचा ढोल मढवायला काढला होता, तो तसाच पडला आहे. तिने कुणाला दोष दिला नाही. काय झालंय ते एकदा नीट सांगा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी म्हणालो, देवीच्या लसीसाठी मला पुढच्या आठवड्यात वर यायचंच आहे, तेव्हा बघतो.

त्याच आठवड्यात गुरुजींचं पत्र आलं. माझ्या चार पानांना त्यांनी अर्ध्या पानाचं उत्तर दिलं होतं. तुला काय ऐकू आलं ते सगळं लिहिलंस, पण त्याला त्रास काय होतो ते कुठेच लिहिलेलं नाही, असं पहिलंच वाक्य. पुढे होतं: अशी संथ नाडी मी एका पहिलवानाची पाहिली आहे आणि कोकणातल्या दोन नावाड्यांची. तिघेही म्हातारे होईपर्यंत जगले. रोग्याला चढाला धावायला लाव, थांबल्यावर मोज, आणि दर मिनिटाला मोजत राहा. आजाराने वाढलेलं हृदय आणि कामाने वाढलेलं हृदय झोपलेलं असताना सारखंच दिसतं. श्रम झाल्यावर ते काय करतं ते बघ. तेवढंच. खाली सही.

ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. त्याला त्रास काय होतो? मी येईपर्यंत त्याला त्रासच नव्हता.

लशीची पेटी घेऊन मी घाट चढलो तेव्हा दोन्ही बाजूंना पळस पेटले होते. पानं एक नाही, नुसता केशरी रंग, आणि खाली वाळक्या पाल्यावर पाय पडला की सगळा डोंगर जागा व्हावा असा आवाज. पेटी एका गड्याच्या डोक्यावर होती आणि माझ्या हातात फक्त छत्री, तरी तिसऱ्या वळणावर मी बसलो, पाचव्यावर बसलो, आणि नंतर वळणं मोजायचं सोडून दिलं. पोस्टापासून दवाखाना आणि दवाखान्यापासून माझी खोली, याहून लांब मी महिनोन्‌महिने चाललो नव्हतो.

दित्या अंगणात बसला होता. महिनाभरात चेहरा उतरला होता. शरीर तेच, पण माणूस अंगाचा भार सांभाळत उठला, जसं एखादं भरलेलं भांडं उचलावं. मी त्याची नाडी पाहिली. अठ्ठेचाळीस. मी त्याला म्हणालो, आपल्याला खाली झऱ्यापर्यंत जायचं आहे आणि तिथून माथ्यापर्यंत धावत यायचं आहे. त्याने मान हलवली. तुम्हीच म्हणालात धावू नको, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, आणि ते बरोबरच होतं. रेमती दाराशी उभी राहून आम्हा दोघांकडे पाहत होती.

तेव्हा मी घरची भाषा काढली. इतक्या महिन्यांत दवाखान्यात बसून मी ती कधी बोललो नव्हतो.

“दित्याभाऊ, मी चुकनू असं माले वाटस. पन माले पक्कं दखनं शे. मी तुन्हासंगे पयस.”

मी बरोबर धावतो म्हटल्यावर तो माझ्या बुटांकडे बघून पहिल्यांदा हसला.

आम्ही झऱ्यावर उतरलो. पाणी घोट्याएवढं, गार. मी कोट काढून फांदीला टांगला, घड्याळ खिशात घातलं आणि निघालो. सुरुवातीला तो माझ्या मागे होता, पावलागणिक छातीकडे लक्ष देत. मग त्याच्या पायांनी त्याला विचारणं सोडून दिलं. तो माझ्या बरोबरीला आला, पुढे गेला, वळणावर दिसेनासा झाला. काही वेळाने पुन्हा दिसला, माझी वाट पाहत उभा. मी कसा पोहोचलो ते मला आठवत नाही. माथ्यावरच्या सपाट खडकावर मी पालथाच पडलो. डोळ्यांपुढे पळसाच्या फुलांसारखे ठिपके नाचत होते.

तरी मी घड्याळ काढलं. आधी त्याचा हात धरला. एकशे अठरा. एक मिनिट थांबलो, चौऱ्यांशी. आणखी एक, सदुसष्ट. चौथ्या मिनिटाला पंचावन्न, आणि ठोका पुन्हा तसाच खोल, निवांत, जसं काही झालंच नव्हतं. मग मी माझ्या मनगटावर बोटं ठेवली. पहिल्यांदा मोजताच आली नाही, नुसती थरथर. पाच मिनिटांनी एकशे तीस होती. दित्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, काय चाललंय ते त्याला उमगलं, आणि त्याने आपली बोटं माझ्या मनगटावर मी ठेवतो तशीच ठेवली.

“साहेब,” तो गंभीरपणे म्हणाला, “तुम्हनं कायीज तं मन्हापेक्षा जास्त पयी ऱ्हायनं.”

मला बोलता येईना म्हणून मी हसलो, आणि हसता येईना म्हणून खोकलो. त्याने मला धरून बसवलं.

त्या खडकावर बसून मी त्याला समजावलं. खाली सपाटीवरच्या विहिरींवर त्याने मोट पाहिली होती. लहान मोटेने पाट भरायचा तर बैलांना दिवसभर ये-जा करावी लागते, मोठी मोट असली की थोड्या फेऱ्यांत तेवढंच पाणी येतं. बारा वर्षं घाट चढून तुझ्या काळजाने आपली मोट मोठी केली आहे. एका ठोक्यात ते इतकं रक्त ढकलतं की निवांत बसलास तर त्याला घाई करायचं कारणच राहत नाही. चढ आला की ते फेऱ्या वाढवतं, चढ संपला की चटकन शांत होतं. आजारी काळजाला हे जमत नाही, आणि माझ्यासारख्या बसून राहणाऱ्यालाही नाही. ती फुंकरही मोठ्या मोटेच्या पाण्याचा आवाज आहे, भोकाचा नाही. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं की एवढं असताना महिनाभर छाती जड का वाटत होती. मी म्हणालो, ते मी घातलेलं वजन होतं.

पोस्टमास्तरांसाठीची चिठ्ठी मी त्याच्या अंगणात, गुडघ्यावर पेटी ठेवून लिहिली. माझं निदान चुकलं होतं, हे हृदय या मुलखातलं मी तपासलेलं सर्वांत मजबूत हृदय आहे, त्याला कामावर घ्यावं. चुकलं हा शब्द लिहिताना टाक जरा अडला, पण पुढे कधी अडला नाही. डॉक्टरकीत तो शब्द लवकर लिहायला शिकलो हे माझं भाग्य. खाली गेल्यावर पोस्टमास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले की बरं झालं, नव्या गड्याच्या टपालाने गावाची जेवणं उशिरा होत होती. होळीनंतरच्या सकाळी घुंगरू पुन्हा धावत आले. नथूआप्पांनी तीन कप मांडले.

त्या वर्षापासून मी चालू लागलो. आधी दवाखान्यापासून पहिल्या वळणापर्यंत, पावसाळ्यानंतर तिसऱ्यापर्यंत, आणि पुढच्या फाल्गुनात एकदा अख्खा घाट न बसता. माझी बसल्या जागेची नाडी चौऱ्यांशीवरून अडुसष्टवर आली. शरीर किती भाबडं असतं याचं मला तेव्हा नवल वाटलं. त्याला जे रोज सांगावं ते ते मनावर घेतं. आणि सांगणं थांबवलं की तेही सोडून देतं. पुष्कळ वर्षांनी, टपाल मोटारीने जायला लागल्यावर, दित्या मला भेटायला आला होता. केस पिकलेले, शेती करत होता. त्याने न सांगता हात पुढे केला. छप्पन्न भरली. मी म्हणालो, मोट जरा लहान झाली. तो म्हणाला, पाटही लहान झाला आहे, आणि दोघांना ते पटलं. कुठे काही बिघडलं नव्हतं. काळजाने आपलं माप कामाएवढं करून घेतलं होतं.

पण त्या दुपारची एक गोष्ट सांगायची राहिली, आणि इतक्या फाल्गुनांनंतर मला जास्त तीच आठवते.

चिठ्ठी लिहून झाली होती. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, त्यांवर माश्या घोंगावत होत्या. दित्या सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात मोटेची गोष्ट पावरी बोलीत सांगत होता. माणसं जमली होती, त्याच्या छातीला हात लावून बघत होती. रेमती सगळ्यांच्या मागे उभी होती. गर्दी पांगल्यावर तिने दित्याला काहीतरी विचारलं. तो गोंधळला, मग माझ्याकडे वळला.

“ती इचारी ऱ्हायनी, मन्हं बी आयकतस का.”

मी नळीचं टोक तिच्या हातात दिलं, कुठे धरायचं ते दित्याने दाखवलं, आणि तिने पदरावरूनच ते छातीशी धरलं. मी डोळे मिटले. तोच ठोका. तसाच खोल, तसाच सावकाश. घड्याळ काढलं: पन्नास. मी दित्याला विचारलं, पाणी कुठून आणता. त्याने खाली बोट दाखवलं, जिथून आम्ही मघाशी धावत आलो त्या झऱ्याकडे. किती खेपा होतात, असं विचारल्यावर त्याला सांगता येईना. त्याने तिलाच विचारलं. तिने चार बोटं दाखवली, मग उन्हाळ्यात सहा, असं सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून. भरलेली घागर डोक्यावर घेऊन.

मी नळी काढून दित्याच्या कानांत घातली. तो ऐकू लागला. त्याचे ओठ किंचित हलत होते, मोजता येत नव्हतं तरी मोजत असल्यासारखे. ती नजर खाली घालून उभी होती, चेहऱ्यावर थोडी मौज, थोडा संकोच. बऱ्याच वेळाने तिने नळीचं टोक माझ्या हातात परत दिलं, दारातली घागर उचलली आणि उताराला लागली. ऊन कलायच्या आत तिची एक खेप राहिली होती.

दित्या तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मग आत गेला, कुडाशी पालथी घातलेली दुसरी घागर घेऊन बाहेर आला आणि तिच्या मागून उतरू लागला. पाड्यातल्या पोरी हे बघून तोंडाला हात लावून हसायला लागल्या. खालच्या वळणावर त्याने तिला गाठलं. ती मागे वळून काहीतरी म्हणाली. ते पावरीत होतं, मला कळलं नाही. पण तिचं हसणं वर माथ्यापर्यंत ऐकू आलं.